बाळाची घरातली पहिली रात्र कशी काढायची

पहिलं म्हणजे रात्री झोप मिळेल ही आशा सोडा, म्हणजे निम्मा त्रास तिथेच कमी होतो. बाळाचं पोट एवढंसं असतं, २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी उठणं आलंच. हात तोंडात घालतंय, मान वळवून काहीतरी शोधतंय असं दिसलं की लगेच पाजायला घ्या, रडायची वाट बघू नका, कारण एकदा भोकाड पसरलं की नीट पीतही नाही.

डायपर, वाइप्स, लंगोट, एक जादा झबलं आणि हो, तुमच्यासाठी पाण्याची बाटली, सगळं संध्याकाळीच हाताशी ठेवा. लाइट मंद ठेवा.

झोपवताना कायम पाठीवर, सपाट आणि जरा कडक गादीवर, तुमच्याच खोलीत पण वेगळं. उशी, सैल पांघरूण, सॉफ्ट टॉय काही नको. आणि कितीही डोळे मिटत असले तरी बाळाला घेऊन सोफ्यावर टेकू नका, तिथे डुलकी लागली तर खरंच धोका असतो, त्यापेक्षा दुसऱ्याला उठवा, पाळ्या लावा.

झोपेत बाळ कण्हतं, घुरघुरतं, मध्येच पाच-सात सेकंद श्वास थांबल्यासारखा वाटतो (मी तर नाकाखाली बोट धरून बसलेले!), हे बहुतेक वेळा नॉर्मलच. पण ताप ३८ डिग्री सेल्सिअस किंवा जास्त, ओठ निळसर, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय किंवा दुधासाठी उठतच नाहीये, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच डॉक्टर.