वायकिंग रीएनॅक्टमेंटवर डॉक्युमेंटरी करताय? या चुका टाळा

रीएनॅक्टमेंट म्हणजे त्या काळचे कपडे-हत्यारं घेऊन, तळ (कॅम्प) ठोकून वायकिंगांचं, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींचं, आयुष्य पुन्हा उभं करणं. त्यावरच्या डॉक्युमेंटरीतली पहिली चूक पोस्टरवरच होते, शिंगवालं हेल्मेट. वायकिंग असली हेल्मेट घालतच नव्हते, हे खूळ पसरलं ते मुख्यतः १८७६ ला जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी डोपलर या डिझायनरने केलेल्या कपड्यांमुळे. नॉर्वेत १९४३ ला सापडलेलं येर्मुंडबूचं खरं हेल्मेट साधं गोल आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी, बस. आणि तुम्ही शिंगं मागितलीत की कॅम्पमधले लोक हसून बाजूला होणार, कारण ही मंडळी कापडाचा लाल रंग मॅडरच्या मुळांचा (आपल्या मंजिष्ठेची भावकी) की केमिकलचा यावरून तासभर भांडतात. तेच भांडण शूट करा ना राव!

पण सगळे धावतात लढाईकडे. पोलंडमधल्या वोलिनच्या वायकिंग मेळ्यात ऑगस्टमध्ये ढालींच्या रांगा एकमेकींवर आदळतात, दिसतं भारी, पण एडिटला बसलात की सगळे शॉट सारखेच वाटतात आणि कोण कोणाला का मारतंय काही कळत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशीची प्रॅक्टिस घ्या आणि नियम आधी विचारा. या लढाईच्या दोन पद्धती आहेत: वेस्टर्न स्टाइलमध्ये डोक्यावर वार चालत नाही, ईस्टर्नमध्ये चालतो, तलवारी बोथट असल्या तरी स्टीलच्या असतात, त्यामुळे कॅमेरा घेऊन कुठे उभं राहायचं ते मार्शल (लढाईवर लक्ष ठेवणारा पंच) सांगेल तसंच.

कड्यांचं चिलखत आणि बारीक नक्षीचं लोकरी कापड, दोन्हींवर मोआरे येतो, म्हणजे स्क्रीनवर लहरी नाचतात. थोडं पुढे-मागे व्हा, अँगल बदला. एडिटला बघू म्हणालात तर मेलात. चिलखत घातलेल्या माणसाला कॉलर माइक लावला तर नुसती खुळखुळ, इंटरव्ह्यू चिलखत उतरवून घ्या किंवा बूम (लांब दांड्यावरचा माइक) वापरा.

जीन्स घालून शिरू नका. बऱ्याच कॅम्पमध्ये पब्लिकच्या वेळात क्रूलाही त्या काळचे कपडे लागतात, ते आधीच विचारा.

नाजूक विषय रून्सचा, म्हणजे जुन्या उत्तर युरोपी लिपीतल्या अक्षरांचा. त्यातली ओथालासारखी चिन्हं नाझींनी वापरली होती, आजही काही वर्णद्वेषी गट वापरतात. ढालीवर दिसलं तर त्या माणसाला कॅमेऱ्यासमोर सरळ विचारा, गुपचूप क्लोजअप मारून वर भीतीदायक म्युझिक टाकणं हा हलकटपणा आहे, आणि दिसलंच नाही असं करणंही चूकच.

बाकी, भारतातून जाणार असाल तर वोलिन आणि डेन्मार्कमधला मूसगोर्डचा वायकिंग मेळा शेंगेन व्हिसावर होतो, इंग्लंडमधल्या यॉर्कचा फेब्रुवारीतला जॉर्विक वायकिंग फेस्टिव्हल धरलात तर यूकेचा व्हिसा वेगळा.