वारशाने आलेल्या नॉर्वेच्या किनाऱ्यावर जाण्याआधी

माझ्यासारखी कुणाच्या घरात सासरकडून नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरची जमीन येऊ घातली असेल, तर त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवतेय. आमची जागा बर्गन शहराच्या बाहेरच्या बेटांवर आहे. कातळ, हेदरची झुडपं, थोडं गवताळ रान, एक जुनं घर आणि पाण्याला लागून नाउस्त, म्हणजे होडी ठेवायची लाकडी खोप.

सगळ्यात पहिलं काम कागदाचं नाही. घरातलं जे सर्वात वयस्कर माणूस आहे, त्याच्या पायांत बळ आहे तोवर त्याच्याबरोबर हद्दीवरून एकदा चालून या. इथल्या जुन्या वाटणीपत्रांत हद्द शब्दांत सांगितलेली असते: कातळात कोरलेल्या फुलीपासून ओढ्याच्या कडेने समुद्राजवळच्या मोठ्या दगडापर्यंत. १९८० पर्यंत अशी वाटणी गावातलीच माणसं जागेवर येऊन करत. आता तो मोठा दगड म्हणजे नेमका कुठला, हे कागदावरून कळत नाही. सासूबाईंना ते माहीत होतं. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, असं आम्ही दोन उन्हाळे म्हणत राहिलो आणि त्या गेल्या. ती रुखरुख मला अजून आहे.

शेवटी शेजारचे आजोबा बरोबर आले. भर दुपारी फुली काही केल्या दिसेना, कातळभर करडं दगडफूल चढलेलं. संध्याकाळी ऊन तिरपं झाल्यावर त्यांनी त्यावर समुद्राचं पाणी ओतलं, तळव्याने घासलं, आणि वीतभर लांबीच्या दोन काळ्या रेघा वर आल्या. तेव्हा बादली आणि मऊ ब्रश बरोबर घ्या. तारेच्या ब्रशने खरवडू नका, खूण कायमची पुसट होते. फोनमध्ये जागेच्या नोंदीसह फोटो काढा आणि खाली खूण कुणी दाखवली आणि कोणत्या तारखेला, ते लिहा.

कागदांत एक मुदत मात्र चुकवू नका. वारसांनी आपापसांत वाटणी करायची असेल, तर मृत्यूनंतर ६० दिवसांच्या आत न्यायालयाला तसं कळवावं लागतं आणि मृताच्या कर्जाची जबाबदारीही घ्यावी लागते. कर्ज किती आहे याचा अंदाज नसेल तर आधी जाहीर नोटीस काढा. मृताकडून ज्यांचं येणं असेल त्यांना पुढे यायला ६ आठवडे मिळतात. जमिनीला दोन नंबर असतात, गोर्डसनुमर आणि ब्रुक्सनुमर. आपला गट नंबर आणि हिस्सा नंबर समजा. ते घेऊन कार्टवेर्केत या नकाशा खात्याच्या संकेतस्थळावर हद्द पाहता येते. जुन्या जमिनींची तिथली रेघ मात्र अनेक मीटर इकडेतिकडे असू शकते, म्हणून तिच्या भरवशावर कुंपण घालू नका. शेजाऱ्याशी एकमत झालंच नाही, तर जमिनीच्या वादांसाठी योर्डशिफ्तेरेत हे वेगळं न्यायालय आहे. ग्रुनबोक या नोंदवहीतला उताराही काढा. विहिरीवर, वाटेवर किंवा नाउस्तवर जुना कुणाचा हक्क असेल तर तो त्यात सापडतो. आणि मालकी पाण्याच्या रेषेला संपत नाही. समुद्राचा तळ जिथे एकदम खोल जातो तिथवर ती असते, आणि अशी कड नसेल तर २ मीटर खोलीपर्यंत.

वारसा कर २०१४ पासून नाही. तरीही मृत्यूच्या सुमारास जागेचं मूल्यांकन करून घ्या, पुढे कधी विकायची झाली तर नफ्यावरच्या कराच्या हिशेबात ते लागू शकतं.

आता भावंडांचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण कोकणात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सामाईक घर, वीस हिस्सेदार, आणि कौलं कुणी फिरवायची हे न ठरल्यामुळे पावसाळ्यागणिक खचत गेलेली माडी. नॉर्वेत सामाईक मालकीला १९६५ चा कायदा आहे. रोजच्या बाबी बहुमताने ठरतात, पण कोणताही एक हिस्सेदार सामाईक मालकी मोडायची मागणी करू शकतो. म्हणून माझे पती, दीर आणि नणंद तिघांनी पहिल्याच हिवाळ्यात एक करार लिहिला. जुलैचे आठवडे आळीपाळीने कुणाचे, विमा आणि विजेचे पैसे कुठल्या खात्यातून, एप्रिलमध्ये घर कोण उघडतं, ऑक्टोबरमध्ये कोण बंद करतं, आणि एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची. दुःख ताजं असताना असलं बोलणं नकोसं वाटतं. तरी तेव्हाच बोला. तेव्हा सगळे एकमेकांशी मऊ असतात.

जमीन शेताची असेल तर क्षेत्र नीट मोजा. लागवडीची ३५ डेकार, म्हणजे सुमारे साडेआठ एकर, ओलांडली की ओडेल हा जुना वारसाहक्क लागू होतो, आणि तिथे घर असेल तर वर्षाच्या आत राहायला जाऊन ५ वर्षं राहण्याचं बंधनही येतं. त्याहून लहान तुकडा असला तरी लागवडीची जमीन पडीक ठेवता येत नाही. स्वतः कसायची नसेल तर निदान १० वर्षांच्या लेखी कराराने कुणाला तरी कसायला द्या.

काही बांधायचं मनात असेल तर आधी नगरपालिकेला विचारा. पाण्यापासून १०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मुळातच मनाई आहे. कोकणातल्या माणसाला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं, माहीत असतात, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. धक्का, लाकडी ओटा, कुंपण, सगळ्याला हे लागू शकतं, आणि नाउस्तमध्ये खाट टाकून राहायची खोली करता येत नाही. कातळात जुन्या वस्तीची खूण सापडली तर हात लावू नका. १५३७ च्या आधीचं सगळं आपोआप संरक्षित असतं.

लोक येतील, त्याची मनाची तयारी ठेवा. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानातून कुणालाही चालायचा, पोहायचा हक्क आहे. तंबूही लावता येतो, फक्त घरापासून १५० मीटर लांब. "खासगी जागा" अशी पाटी लावू नका. सासूबाई तर येणाऱ्यांना गोड्या पाण्याचा नळ दाखवत.

पाण्यावरून आठवलं. कातळातल्या बोअरला किनाऱ्याजवळ खारं पाणी लागू शकतं, म्हणून पहिल्याच भेटीत नमुना प्रयोगशाळेत द्या. थंडीआधी नळातलं पाणी पूर्ण काढून टाका. आम्ही पहिल्या वर्षी मोरीखालचा नळाचा एक तुकडा विसरलो, पाणी गोठून तो फुटला, आणि एप्रिलमध्ये घरातली सगळी जमीन उखडावी लागली. विमा मृताच्या नावावरून लगेच वारसांच्या नावावर करा. इथे आगीचा विमा असलेल्या इमारतीला वादळाचं संरक्षण त्यातच मिळतं, पण नाउस्त पॉलिसीत लिहिलंय ना, ते पाहा. १ जानेवारी १९९२ च्या वादळाच्या गोष्टी उत्तरेकडची माणसं अजून सांगतात.

हेदरचं रान आपोआप टिकत नाही. हजारो वर्षं मेंढ्यांनी चरून आणि माणसांनी जाळून ते राखलंय. नाही राखलं तर आधी जुनिपरची काटेरी झुडपं येतात, मग झाडं. विसाव्या शतकात लावलेलं सिटका स्प्रूस हे सूचिपर्णी झाड तर आता आपल्या आपण पसरतंय. त्याची गुडघ्याएवढी रोपं दिसतील तिथे उपटा, नंतर करवत लागते. जाळायचं काम हिवाळ्यात, जमीन ओली किंवा गोठलेली असताना, जाणत्यांबरोबर आणि अग्निशमन दलाला कळवूनच. बर्गनच्या उत्तरेला ल्युग्रा बेटावर हेदरच्या रानाचं केंद्र आहे, एकदा जाऊन पाहून या. शेजाऱ्याच्या मेंढ्या चरायला हव्या असतील तर तेही लिहून घ्या. रानातून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड पाहायला विसरू नका.

शेवटी होडीची वाट. नाउस्तसमोर पाण्यात जाणारी दगड दूर केलेली उतरंड असते, तिला स्तो म्हणतात. हिवाळ्यातल्या लाटा तिच्यावर पुन्हा दगड लोटतात. ते दर वसंतात हाताने काढायचे. ओहोटीची वेळ आदल्या रात्री पाहून ठेवा, पहार, जाड हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घ्या, आणि निदान दोघं जण जा. दगड उतरंडीच्या दोन्ही कडांना रचा, जिथे आधीच्यांनी रचले आहेत तिथेच.