रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लॅपटॉप घाऊक संख्येने आणि पुष्कळदा तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने घेतात. करार संपला की लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड किंवा एचपीचे एलिटबुक शेकड्याने एकदम बाहेर पडतात, साफसफाई होऊन ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे पुन्हा वापरायोग्य केलेले, म्हणून पुन्हा विक्रीला येतात आणि पुरवठा भरपूर असल्यामुळे स्वस्त मिळतात. स्वस्ताईचे मूळ बहुधा पुरवठ्यात असते, यंत्राच्या दोषात नसते. तरीही एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप अगदी वेगळ्या परिस्थितीत वापरले गेलेले असू शकतात. म्हणून ‘हे मॉडेल चांगले आहे का?’ या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. समोरच्या या एका यंत्रात उपयोगाची किती वर्षे शिल्लक आहेत, आणि ती पदरात पाडून घेण्यासाठी किमतीखेरीज आणखी किती खर्च करावा लागेल, हे दोन प्रश्न विचारावेत.

‘रिफर्बिश्ड’ या शब्दावर विसंबू नये. मूळ उत्पादकाने तपासून, सदोष भाग बदलून, स्वतःच्या वॉरंटीसह विकलेला लॅपटॉपही रिफर्बिश्ड असतो, आणि एखाद्याने पुसून, विंडोज नव्याने टाकून विकलेलाही रिफर्बिश्डच म्हणवला जातो. ‘ग्रेड ए’, ‘ग्रेड बी’ या श्रेण्यांना सर्वमान्य मानक नाही आणि त्या बहुतेक वेळा बाह्यरूपाबद्दलच बोलतात. ओरखडे हा माझ्या मते सर्वांत बिनमहत्त्वाचा दोष आहे; झाकणावर खरचटलेला पण आतून निरोगी लॅपटॉप त्याच कारणाने कमी किमतीत मिळत असेल तर तो आनंदाने घ्यावा. विक्रेत्याला विचारायचे ते असे: नेमके काय बदलले, काय तपासले, वॉरंटी किती महिन्यांची, तीत बॅटरी येते का, आणि परत करण्याची मुदत किती. उत्तरे लेखी घ्यावीत.

त्यानंतर प्रोसेसर पाहावा. जाहिरातीत ‘आय७’ ठळक लिहिलेले असते आणि पिढी मात्र गाळलेली असते, आणि खरा फरक पिढीतच असतो. इंटेलच्या नावात डॅशनंतरचा आकडा पिढी सांगतो: आय५-८३५०यू हा आठव्या पिढीचा, तर आय७-७६००यू हा सातव्या पिढीचा. यांपैकी पहिल्यात ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे स्वतंत्र भाग) आहेत आणि दुसऱ्यात अवघे २, त्यामुळे अनेक कामे एकाच वेळी चालू असतात तेव्हा ‘आय५’च सरस ठरतो. दहाव्या पिढीपासून डॅशनंतरचे पहिले दोन आकडे वाचावे लागतात.

आठव्या पिढीची ही रेषा आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी) सोय लागते. लॅपटॉपवर विंडोज ११ चालू दिसते आहे, एवढा पुरावा पुरेसा नाही, कारण ही अट चुकवून जुन्या यंत्रावरही ती टाकता येते. पुढचे मोठे अपडेट आले की अडचण सुरू होते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अॅप विक्रेत्यासमोरच चालवून पाहावे. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्यांना ही अट लागू नाही. त्यांना सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र फारच थोड्या पैशांत मिळू शकते आणि ते कुरकुर न करता चालते.

आता अशी एक तपासणी, जी बहुतेक खरेदीदार करतच नाहीत आणि जिच्यात चूक झाली तर बाकी सगळे गुण वाया जातात: यंत्र जुन्या मालकाच्या ताब्यातून खरोखर सुटले आहे का? मी एकदा घेतलेला लॅपटॉप दोन महिने उत्तम चालला. मग काही कारणाने मी तो रीसेट केला, इंटरनेटला जोडला, आणि पडद्यावर एका अनोळखी कंपनीचे नाव उमटून तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल व पासवर्ड मागितला गेला. कंपनीने तो यंत्रव्यवस्थापनाच्या प्रणालीत नोंदवलेला होता आणि विकताना नोंद काढलीच नव्हती. अशी नोंद यंत्राच्या हार्डवेअरच्या ओळखीशी जोडलेली असल्यामुळे विंडोज पुन्हा टाकून ती जात नाही. मूळ संस्थेने किंवा तिच्या वतीने नोंद करणाऱ्यानेच ती काढावी लागते. विक्रेत्याने विंडोज इंटरनेटविना टाकली असेल तर हा प्रकार सुरुवातीला दिसतही नाही. म्हणून लॅपटॉप हाती येताच तो पूर्ण रीसेट करावा आणि सुरुवातीच्या सेटअपमध्येच वाय-फाय जोडून पाहावे.

त्याच बैठकीत बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत, शिरावे. तिथे पासवर्ड मागितला गेला तर यंत्र परत करावे. पुष्कळ बिझनेस मॉडेलांत हा ‘सुपरवायझर’ पासवर्ड काढण्याचा अधिकृत मार्ग मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलणे हाच असतो. चोरीनंतर माग काढणाऱ्या ‘अॅब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ या सोयीची स्थितीही तिथेच दिसते, आणि ती चालू असेल तर विक्रेत्याकडून खुलासा घ्यावा. यंत्राच्या तळावरचा आणि बायोसमधला अनुक्रमांक जुळतो का, हे पाहून तोच क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकावा. वॉरंटी कधी संपली आणि पुष्कळदा मूळ रचना काय होती, हे कळते. मूळ पडदा जास्त स्पष्टतेचा होता आणि समोरचा तसा नाही, असे आढळले तर कुणीतरी तो बदलला आहे.

बॅटरीबाबत विक्रेत्याचे ‘चार तास चालते’ हे वाक्य कानाआड करावे आणि आकडे पाहावेत. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिलेली असते. समजा, मूळ क्षमता ५७,००० मिलिवॉट-तास आणि आजची ३६,५०० आहे. म्हणजे ६४ टक्के उरली. सत्तर टक्क्यांखाली गेलेली बॅटरी मी संपलेलीच धरतो आणि नव्या बॅटरीची किंमत लॅपटॉपच्या किमतीत मिळवतो. पाच वर्षांच्या यंत्रात दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि चार्जिंगच्या फेऱ्या शून्य दिसल्या, तर बॅटरी बदललेली आहे. ती कोणत्या बनावटीची, हे विचारावे. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा यंत्र सपाट टेबलावर डुलत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. अशा यंत्राचा सौदाच करू नये.

एसएसडीचे, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डिस्कचेही तसेच. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखे मोफत साधन तिचे आरोग्य टक्क्यांत आणि ती एकूण किती तास चालू होती ते दाखवते. रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस आणि ४ वर्षे असा हिशेब केला तर ८,००० तास होतात, आणि कार्यालयीन यंत्राला ते शोभतात. हाच आकडा २५,००० च्या आसपास असेल तर यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलेले होते आणि त्याच्या पंख्यानेही तेवढीच चाकरी केली आहे, असे समजावे. एसएसडी बदलणे सहसा सोपे असते. रॅमची, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या स्मृतीची, गोष्ट वेगळी. थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमसाठी दोन स्लॉट आहेत, पण एक्स१ कार्बनसारख्या पातळ यंत्रांत ती मदरबोर्डला सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच. मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल उत्पादकाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. काय उघडते आणि काय बदलता येते हे त्यात चित्रांसह दिलेले असते. आजच्या वापराला मी १६ जीबी किंवा तिथवर वाढवण्याची सोय, यापेक्षा कमी काही सुचवणार नाही.

पडद्याकडे दुर्लक्ष होते, कारण कंपन्यांनी घेतलेल्या स्वस्त रचनांत १३६६ बाय ७६८ चे, बाजूने पाहिले की रंग पालटणारे पॅनेल असायचे, आणि जाहिरातीत फक्त ‘१४ इंच’ लिहिलेले असते. १९२० बाय १०८० चा आयपीएस पडदा, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न पालटणारा, मागावा. पांढरा पडदा लावून डाग, आणि काळा लावून कडेने गळणारा उजेड पाहावा.

उरलेली तपासणी हातांनी होते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडावे. बिजागरी सैल असेल किंवा चौकट करकरली तर ते लगेच जाणवते. चार्जरची पिन प्रत्येक चार्जिंग पोर्टमध्ये लावून हलकेच हलवावी, कारण सततच्या जोडकाढीने सर्वांत आधी हेच भाग दगा देतात. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबावी, परदेशी मांडणीवर स्टिकर चिकटवलेले नाहीत ना, हे पाहावे. चार्जर मूळचा आहे का, हा प्रश्नही क्षुल्लक नाही: डेलची अनेक यंत्रे अनोळखी चार्जर लावल्यास इशारा देतात, बॅटरी चार्ज करत नाहीत आणि वेगही घटवतात. शेवटी वीस मिनिटे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून पंख्याचा आवाज ऐकावा. वेग घसरून रांगू लागला तर आतली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) यांचा खर्च धरावा.

मग हिशेब मांडावा. किमतीत बॅटरी, रॅम, एसएसडी, चार्जर यांपैकी जे लागेल ते मिळवावे आणि त्या बेरजेला अपेक्षित वर्षांनी भागावे. तुलनेसाठी घेतलेल्या नव्या लॅपटॉपचाही असाच वार्षिक आकडा काढावा. बेरीज नव्याच्या साठ टक्क्यांवर गेली तर मी नवाच घेतो. जुन्याने वाचवलेला पैसा वॉरंटीच्या अभावाची भरपाई करण्याइतका उरत नाही. लेखन, हिशेब, अभ्यास, प्रोग्रामिंग, बैठका यांसाठी ही यंत्रे उत्कृष्ट आहेत आणि त्यांचे कीबोर्ड त्याच किमतीच्या नव्या घरगुती लॅपटॉपपेक्षा बहुधा चांगलेच असतात. जड व्हिडिओ संपादन आणि गेमिंग यांसाठी ती बनलेलीच नसतात. घरातले एकमेव यंत्र हेच असणार असेल आणि एक दिवसाचा खंडही परवडत नसेल, तर मजबूत वॉरंटीखेरीज घेऊ नये.

खरेदीनंतर परतीच्या मुदतीतले दिवस यंत्र राखून वापरू नये. रीसेट, बायोस, बॅटरी आणि भार या चाचण्या पहिल्याच दिवशी उरकाव्यात, पुढचे दिवस त्यावर आपले नेहमीचे काम पूर्ण वेळ करावे, एक रात्र स्लीपमध्ये ठेवून सकाळी किती टक्के चार्ज उतरला ते पाहावे, आणि मुदत संपेपर्यंत खोका व बिल जपून ठेवावे.