‘पासून’ने खाल्लेले अडीच गुण

एसएससी सीजीएल, म्हणजे पदवीधरांसाठीची केंद्र सरकारी नोकरीची परीक्षा. तिच्या टियर 1 ला, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, आणि चुकलं की अर्धा गुण जातो. पहिल्या वेळी मी दीड गुणाने बाहेर राहिले. उत्तरतालिका आली तेव्हा कळव्याच्या घरात पंख्याखाली बसून एकेक प्रश्न तपासला, आणि वाक्यातली चूक शोधायच्या एका प्रश्नावर अडकले. धाटणी अशी: ‘ही हॅज बीन वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ मी ‘नो एरर’ ठोकून दिलं होतं. दोन गुण मिळाले नाहीत आणि वर अर्धा कापला गेला.

खरं सांगते, मला त्या वाक्यात काही खटकलंच नव्हतं. डोळे इंग्रजीवर होते, पण डोक्यात ‘तो इथे दहा वर्षांपासून काम करतोय’ वाजत होतं, आणि ते अगदी शुद्ध मराठी आहे. आपल्याकडे ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2015 पासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’ भागवतो. इंग्रजीत तसं चालत नाही. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, आणि किती काळ हे सांगायचं तर ‘फॉर’.

क्लासच्या सरांनी शॉर्टकट दिला होता: आकडा दिसला की फॉर, नाहीतर सिन्स. आम्ही खूश! मग ‘सिन्स 1853’चं काय? ठाण्याला रेल्वे आली ते वर्ष, चार आकडी, तरी सिन्सच. आणि ‘फॉर अ लाँग टाइम’मध्ये आकडा कुठे आहे? एका ओळीत बसणारा नियम कुणी दिला की आधी त्याला उलटं उदाहरण विचारा. नियमांच्या पीडीएफ वाटणाऱ्यांना तर नक्कीच.

आता मी एवढंच बघते, कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवून ‘इथून सुरू झालं’ म्हणता येतं का? ‘मंडे’, ‘फाइव्ह ओ’क्लॉक’, ‘ही लेफ्ट’ : येतं, म्हणून सिन्स. ‘थ्री डेज’, ‘एजेस’ : तिथे फक्त लांबी आहे, म्हणून फॉर. ‘लास्ट’ या शब्दाने फसू नका. ‘लास्ट मंडे’ हा एक दिवस आहे, ‘द लास्ट टू इयर्स’ हा काळ आहे. ‘फ्रॉम मंडे’ही ‘हॅज बीन’बरोबर चालत नाही.

एवढं जमलं की पेपर काढणारा जागा बदलतो. ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स 2015’ मध्ये सिन्स ठीक आहे, चूक ‘ॲम लिव्हिंग’ची आहे. आपण ‘राहतेय’ म्हणतो ना, तेच मधे येतं. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं. सिन्स दिसलं की क्रियापदाकडे एकदा परत जा. दर वेळी जा. कंटाळा आला तरी जा.

बाकीचं इतकं भयंकर नाही, खरंच. मी वहीला दोन रकाने पाडले: डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे ज्या मराठी शब्दाने चुकवलं तो. ‘विषयी चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’. ‘तिच्याशी लग्न’मुळे ‘मॅरीड विथ’. ‘माझ्यापेक्षा सिनिअर’मुळे ‘सिनिअर दॅन’, तिथे ‘टू’ लागतं. महिनाभरात उजवा रकाना तेच तेच शब्द दाखवायला लागला. म्हणजे शत्रू मोजके आहेत. आर्टिकल्सचं मात्र मला अजून नीट जमत नाही, त्यावर माझ्याकडून सल्ला घेऊ नका.

परवा ठाणे–वाशी लोकलमध्ये ऐरोली यायच्या आत शेजारची मुलगी फोनवर म्हणाली, ‘आय ॲम वेटिंग सिन्स हाफ ॲन आवर.’ मी मनात ‘फॉर’ म्हटलं आणि जिंकल्यासारखी बसले. दुसरी चूक आठवली तोवर रबाळे आलं होतं.