नारळाचं दूध काढताना या चुका टाळा

घरी कोकणी जेवणाचा बेत ठरला की मला हमखास फोन येतो, "सोलकढी फुटली, आता काय करू?" फुटलेली कढी मिक्सरमधून कितीही फिरवा, पहिला मऊपणा परत येत नाही. म्हणून आधीच सांगते: सोलकढी गॅसवर ठेवायचीच नाही.

मागच्या डिसेंबरात आमच्याकडे केळवण होतं, पानं 20. चार नारळांची कढी मी आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बघितलं तर वर लोण्यासारखा पांढरा थर. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजायला लागतं, पुण्याच्या थंडीत फडताळातली बाटलीसुद्धा गोठते, मग फ्रीजमधल्या दुधाचा थर धरणारच. कढी अजिबात बिघडलेली नव्हती. पण मी अंघोळीला गेले तेवढ्यात जाऊबाईंनी घाबरून पातेलं गॅसवर चढवलं. कडेला बुडबुडे आले आणि बघता बघता खाली गुलाबी पाणी, वर दाणेदार गोळे. दुधातली प्रथिनं स्निग्धांश धरून ठेवतात. आमसुलाचा आंबटपणा आणि आच दोन्ही एकदम मिळाली की ती पकड सुटते. त्या दिवशी पाहुण्यांना मठ्ठा वाढला, आणि मला ते आजही लागून राहिलंय.

तेव्हापासून दूध वेगळं आणि आमसुलाचं पाणी वेगळं ठेवते, पानं घ्यायच्या अर्धा तास आधी एकत्र करते. दुधावर थर आलाच तर पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवून हलक्या हातानं ढवळायचं, दहा मिनिटांत विरघळतो. आमटी-कालवणातही घट्ट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर घाला आणि खळखळून उकळी येऊ देऊ नका.

दुसरी चूक घाईची. खवलेल्या खोबऱ्यावर एकदम तांब्याभर पाणी ओतून फिरवतात आणि "नारळात दमच नव्हता" म्हणतात. नारळाला बोल लावू नका! एका नारळाच्या चवाला पहिल्यांदा एकच वाटी कोमट पाणी. वाटून पाच मिनिटं तसंच ठेवा, मग पंच्यात बांधून मनगटाला रग लागेपर्यंत पिळा. हे घट्ट दूध. त्याच चोथ्यात पुन्हा दीड वाटी पाणी घालून वाटलं की पातळ दूध निघतं, ते भाजी शिजवायला. नुसत्या गाळणीतून गाळणाऱ्यांचं निम्मं दूध चोथ्यातच राहतं.

खवताना करवंटीपर्यंत जाऊ नका, पाठ आली की दूध मळकट दिसतं. मंडईतून नारळ घेताना कानाशी हलवा. पाणी वाजलं नाही किंवा डोळे ओलसर असले तर तो परत ठेवा. काढलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी संपवा. तयार डब्यातलं दूध कालवणाला ठीक, सोलकढीला मी कधीच वापरत नाही.

नारळाच्या दुधात लॅक्टोज नसतं, त्यामुळे ज्यांना गाईचं दूध पचत नाही त्यांना हे चालतं. मात्र कॅल्शियम फारच कमी असतं, तेव्हा लहान मुलांना रोजच्या दुधाऐवजी हे देऊ नका. संपृक्त स्निग्धांशही भरपूर असतो. कोलेस्टेरॉलचं पथ्य असेल तर वाटीभर कढीवर थांबा.

आणि चोथा फेकू नका. मी तो लोखंडी तव्यावर मंद आचेवर कोरडा होईस्तोवर परतते, मग लसूण, तिखट, मीठ घालून कुटते. गरम भाकरीबरोबर तो दुपारपर्यंतही उरत नाही.