तोजीच्या बाजारात जुनी जपानी बाहुली बघायला जाण्याआधीची तयारी

क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, लोक त्याला कोबो-सान म्हणतात, कारण २१ ही कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या पुण्यतिथीची तारीख. तिथे किमोनोतल्या जुन्या बाहुल्या हमखास दिसतात आणि विकणारा बहुतेक वेळा "जुनी आहे" एवढंच सांगतो. किती जुनी ते आपणच शोधायचं, म्हणून तयारी घरूनच करून निघा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कपड्यांचा काळ म्हणजे बाहुलीचा काळ नव्हे. नऊवारी नेसवलेली बाहुली बघून आपण ती पेशवाईतली आहे असं म्हणतो का? तसंच, काचेच्या पेटीत उभी असलेली, हातात वेलीची फुलं आणि डोक्यावर काळी टोपी असलेली फुजी मुसुमे ही बाहुली काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या नाचाच्या वेषात असते, पण अशा पुष्कळ बाहुल्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आहेत, भेट म्हणून द्यायला केलेल्या. म्हणून वेष बघून फक्त बाहुली कोणती ते ठरवायचं, वय ठरवायचं ते ती कशाची बनलीय त्यावरून.

पिशवीत छोटा टॉर्च, भिंग, मोजायची टेप, मऊ कोरडा ब्रश आणि बाहुली घेतलीच तर चेहऱ्यावर गुंडाळायला मऊ पातळ कागद. रोख पैसे न्याच. ओला टिश्यू मात्र अजिबात नको, हे मी कळकळीने सांगतेय, कारण बाहुलीचा पांढरा चेहरा गोफुनचा असतो, म्हणजे शिंपल्यांची पूड सरसात कालवून एकावर एक दिलेले थर, आणि सरस पाण्याने सुटतो. मी एकदा गालावरचा डाग पुसायला गेले आणि डागाबरोबर गालाची लालीपण गेली, अजून वाईट वाटतं.

मोबाईलमध्ये दोन गोष्टी सेव्ह करून ठेवा. पहिली म्हणजे मेइजी, ताइशो, शोवा ही जपानी सम्राटांच्या कारकिर्दींची नावं, ज्यांवरून तिथे वर्षं मोजतात, ती जपानी लिपीत कशी दिसतात त्याचा फोटो आणि वर्षांचं गणित: मेइजीच्या वर्षात १८६७ मिळवायचे, ताइशोच्या १९११, शोवाच्या १९२५, म्हणजे खोक्यावर शोवा ३० असेल तर १९५५. खोक्याच्या झाकणावर, तळाला, आतल्या बाजूला कुठेही लिहिलेलं असू शकतं, आणि आडवी ओळ उजवीकडून डावीकडे लिहिलेली असेल तर ती बहुधा युद्धाआधीची. पण खोकं त्याच बाहुलीचं आहे ना ते टेपने मोजून बघा, अदलाबदल होत असते. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांचं साल नक्की माहीत आहे अशा बाहुल्यांचे फोटो. १९२७ साली अमेरिकेतल्या मुलांनी जपानला बारा हजारांवर बाहुल्या पाठवल्या होत्या आणि उत्तर म्हणून जपानने ५८ मोठ्या इचिमात्सु, म्हणजे लहान मुलांसारख्या दिसणाऱ्या, बाहुल्या पाठवल्या, जवळजवळ ८० सेंटिमीटर उंचीच्या, त्यांचे चेहरे नीट बघून घ्या, त्या काळचं उत्तम काम कसं असतं ते डोळ्यात बसतं. (इचिमात्सु हे नाव १८व्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटावरून आलं, चौकटीच्या नक्षीलापण त्याचंच नाव आहे.)

आता प्रत्यक्ष बघताना काय काय बघायचं ते आधीच ठरवून ठेवा. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कपडे काढायचे नाहीत, हिना बाहुल्यांचे, म्हणजे मार्चमधल्या मुलींच्या सणाला मांडतात त्यांचे, तर पेंढ्याच्या अंगावर बसवलेलेच असतात. टॉर्च मानेमागे, मनगटाशी, पावलाखाली मारायचा, कारण गोफुनचा टवका तिथे उडालेला असतो आणि आतलं दिसतं. लाकूड दिसलं तर जुनं असण्याची शक्यता जास्त, तपकिरी भुशासारखं दिसलं तर ते तोसो, किरी या हलक्या जपानी लाकडाचा भुसा खळीत मळून साच्यात घातलेला, आणि प्लॅस्टिक दिसलं तर प्रश्नच मिटला. चेहऱ्यावर ताणून बसवलेलं कापड असेल तर ती साकुरा निंग्यो, बहुतेक युद्धानंतरची. डोळे रंगवलेले की काचेचे तेही बघा, पण काचेचे म्हणजे नवीन असं समजू नका, एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) शेवटी शेवटी हिना बाहुल्यांना ते बसवायला लागले होते. केस नायलॉनचे असतील तर युद्धाआधीचे नाहीत, अर्थात केस नंतर बदललेलेपण असू शकतात, म्हणून एकाच खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात का ते बघायचं. बाहीच्या आतली घडी बघायला विसरू नका, उजेड न लागलेला मूळ रंग तिथेच सापडतो, आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद नसेल तर कापड बदललंय का असा संशय घ्या.

तुम्ही परदेशात असाल आणि बाहुली तिथल्या दुकानात मिळाली तर तळावरचा इंग्रजी शिक्का शोधा. 'ऑक्युपाइड जपान' असं असेल तर काम सोपं, तो शिक्का १९४७ ते १९५२ दरम्यानच्या निर्यातीच्या मालावरचा.

प्रत्येक बाहुलीचे पुढून, मागून, पायाचे आणि खोक्याचे फोटो विचारून काढा आणि मोजमाप तिथेच लिहून ठेवा, घरी आल्यावर सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.