पार्सलं हरवतायत? स्कॅनिंगच्या या चुका टाळा

पार्सल गहाळ झालं की पहिलं बोट कुरियरवाल्याकडे जातं. पण घरून साड्या, चपला, फराळ पाठवणाऱ्यांचा घोळ बरेचदा स्वतःच्या टेबलावरच झालेला असतो. बारकोड काही पार्सलाची राखण करत नाही. ते शेवटचं कुणाच्या हातात होतं आणि केव्हा, एवढंच तो सांगतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लेबलांचा गठ्ठा छापून, खोक्यांवर चिकटवायच्या आधीच स्कॅन करून टाकणं. काम झटपट उरकतं, स्क्रीनवर सगळ्या ऑर्डरी 'रवाना' दिसतात आणि एक खोकं टेबलाखाली तसंच पडून असतं. स्कॅन करायचं ते चिकटवलेलं लेबल, आणि तेही पिकअपवाल्याच्या हाती माल देताना. त्यानंही त्याच्या मशीनवर तिथल्या तिथे स्कॅन केलं का, ते बघा. "ऑफिसात जाऊन करतो" म्हणत तो पोतं भरून निघाला, तर निदान नगांचा आकडा आणि वेळ घालून सही घ्या. नुकसानभरपाई मागताना ती पिकअप स्कॅनइतकी भक्कम ठरत नाही, हे मात्र खरं.

स्कॅनर वाचतच नसेल तर आधी लेबल बघा. बारकोडवर चकचकीत टेप आहे का? बारकोड खोक्याच्या कडेवर दुमडलाय का? कात्रीनं अगदी रेघांलगत कापलंय का? कोड १२८ प्रकारच्या बारकोडला दोन्ही बाजूंना सर्वात बारीक रेघेच्या १० पट कोरी जागा लागते. थर्मल लेबलाचा, म्हणजे शाईऐवजी उष्णतेनं छपाई होणाऱ्या लेबलाचा, गठ्ठा उन्हात ठेवला तर कागद काळवंडतो. छपाईत सलग पांढरी रेघ येत असेल, तर प्रिंटर बंद करून, गार झाल्यावर प्रिंटहेड (छपाई करणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. जुनं खोकं वापरलंत तर आधीचं लेबल खरवडून काढा, नाहीतर मशीन कुठला बारकोड उचलेल याचा नेम नाही.

स्कॅनर 'बीप' करतो, पण नंबर सापडत नाही? साधा यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच असतो. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर नंबरातल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. एक्सेलचा त्रास आणखी वेगळा. तो सुरुवातीची शून्यं गाळतो आणि १५ अंकांपुढचे सगळे अंक शून्य करून टाकतो. स्कॅन करण्याआधीच तो कॉलम 'टेक्स्ट' करून ठेवा. नंतर केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत.

हातानं नंबर टाइप करणं शक्यतो टाळाच. स्पीड पोस्टच्या १३ अक्षरी नंबरात दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी 'आयएन' असतं. त्यातला नववा अंक आधीच्या आठांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर सॉफ्टवेअरला पकडता येतो. वहीला किंवा एक्सेलला तो आपोआप कळत नाही.

आणि परत आलेली पार्सलं! ती कोपऱ्यात रचायच्या आधी स्कॅन करा, जमल्यास पिकअपवाला दारात असतानाच. त्याच्या यादीत सात आणि तुमच्याकडे सहा निघाली, तर फरक तेव्हाच लिहून घेता येतो.